वाढवू की दाबू?

माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पाच महिन्यांपूर्वी खेळता खेळता मुलीने त्यांचे केस विंचरायला घेतले आणि कानामागे नाण्याएवढी गुळगुळीत जागा तिला दिसली. आता अशा चार जागा आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी ‘चाई’ असं निदान केलं. ‘हा ऑटोइम्यून आजार आहे, तुमच्याच पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतायत’ असं सांगून त्यांनी त्या जागी स्टेरॉइडची इंजेक्शनं सुचवली. नणंदेने मात्र ‘प्रतिकारशक्ती कमी झाल्याशिवाय असं होत नाही’ म्हणत इम्युनिटी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डबा आणून दिला. दोन महिने त्या चालू आहेत. नवरा म्हणतो, टेन्शन सोड, आपोआप येतील. रात्री मोबाइलवर वाचताना प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या नव्या गोळ्यांबद्दलही कळलं. या पाच महिन्यांत आजारपणाची एकही रजा घेतलेली नाही, तरी ‘आतून पोखरल्यासारखं’ वाटतं, असं त्या लिहितात. ‘वाढवू की दाबू, एवढंच सांगा.’ आणखी दोन प्रश्न आहेत: चकत्यांमधले काळे केस गेले आणि पांढरे तेवढे उरले, ही कसली थट्टा? मुलीलाही होईल का? पत्राचं शेवटचं वाक्य असं: ‘कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची?’

ताई,

वाढवू नका, आणि सरसकट दाबूही नका. तुम्हाला एका शब्दात उत्तर हवं होतं, पण तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट धरून चाललेली आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू टाकीतलं पाणी, कमी झालं की भरायचं, जास्त झालं की सोडून द्यायचं. तुमच्या नणंदेने तेच धरलंय, आणि रात्री तुम्ही जे लेख वाचता त्यांनीही.

पाच महिन्यांत एकही रजा नाही, हे तुम्हीच लिहिलंय. दिवसभर पन्नास-साठ मुलांच्या शिंका-खोकल्यात उभं राहूनसुद्धा. मग प्रतिकारशक्ती कमी कुठे झालीय? ती जागेवर आहे. बिघडलंय ते चार लहान जागी, कातडीखाली काही मिलिमीटर खोल, आणि ते कमी-जास्तीचं प्रकरण नाहीच.

काय बिघडलंय ते आधी दाखवते, उपायांचं मग बोलू. आमच्या डॉक्टरकीच्या उमेदवारीच्या काळात चाईच्या कडेचा, दाण्याएवढा त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावायचे. गुलाबी रंगात केसाचा कंद, म्हणजे मुळाशी असलेला फुगीर भाग दिसायचा, आणि त्याला लगडलेली गर्द जांभळी टिंबं. प्रत्येक टिंब म्हणजे एक लिम्फोसाइट, रोगप्रतिकार यंत्रणेची पेशी. आमच्या पाठ्यपुस्तकांत या चित्राला मधमाश्यांच्या थव्याची उपमा देतात, आणि ती चपखल आहे. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. आमच्या बाईंनी काच बोटाने जराशी सरकवली आणि त्याच केसाचा वरचा भाग समोर आणला. तेलग्रंथीच्या किंचित खाली एक टेंगळासारखी जागा असते, तिथे केस पुन्हा घडवणाऱ्या मूळ पेशी राहतात. खाली एवढी झुंबड, आणि इथे शुकशुकाट. बाई म्हणाल्या, ‘पीक गेलंय. बियाणं शाबूत आहे.’

तुमच्या आजाराबद्दलची सगळ्यात कामाची माहिती मी तुम्हाला हीच देऊ शकते. काही दुसऱ्या आजारांत, उदाहरणार्थ लायकेन प्लॅनोपायलॅरिसमध्ये, अशाच पेशींचा घोळका नेमका त्या वरच्या जागेवर बसतो. मूळ पेशीच मरतात, तिथे व्रण धरतो आणि केस कायमचे जातात. चाईत तसं होत नाही. डॉक्टरांनी भिंग लावून तुमच्या डोक्यावर बराच वेळ काय पाहिलं, असं तुम्हाला वाटलं असेल. केसांची छिद्रं शिल्लक आहेत का ते पाहत होते. शिवाय चकतीच्या कडेला तीन-चार मिलिमीटरचे तुटके केस असतात, वर जाड आणि मुळाशी निमुळते. त्यांना आम्ही उद्गारचिन्हाचे केस म्हणतो. ते दिसले की चाई अजून पसरण्याच्या बेतात आहे असं समजायचं.

आता तो घोळका कुणाचा? बाहेरच्या गर्दीत बऱ्याचशा मदतनीस टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) असतात, आणि कंदाच्या आत शिरलेल्या असतात त्या मारक टी पेशी, सीडी८ नावाच्या. या मारक पेशींचं रोजचं काम पाहिलं तर त्यांच्याबद्दल आदर वाटावा. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत कोणती प्रथिनं बनतायत त्यांचे बारीक तुकडे दारावर पाटी लावावी तसे बाहेर लावून ठेवते. मारक पेशी फिरत फिरत त्या पाट्या वाचतात. पाटीवर विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी संपवतात. फ्लू झाला की आठवड्याभरात तुम्ही उठून वर्गात उभ्या राहता, त्यात यांचाही वाटा असतो.

वाढीला लागलेल्या केसाचा कंद या व्यवस्थेतून सवलत मागून घेतो. तो पाटी लावतच नाही, किंवा वाचता येणार नाही इतकी पुसट लावतो. वर आजूबाजूला प्रतिकार-पेशींना शांत ठेवणारी रसायनं सोडत राहतो. अशी सवलत शरीरात फार थोड्या जागांना आहे: डोळ्याचा आतला भाग, गर्भाची वार, अशा. १९७१ मध्ये रूपर्ट बिलिंगहॅम यांनी काळ्या गिनीपिगच्या त्वचेतल्या पेशी पांढऱ्या गिनीपिगवर लावून पाहिल्या. परक्या पेशी म्हणून त्या नाकारल्या गेल्या, हे अपेक्षितच होतं. पण ज्या काही रंगपेशी पांढऱ्या प्राण्याच्या केसांच्या मुळांत शिरल्या होत्या त्या वाचल्या, आणि तिथून काळे केस उगवत राहिले. केसाचं मूळ म्हणजे लपायची जागा आहे, हे तेव्हा कळलं.

चाईत ही लपायची जागा उघडी पडते. इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप्या कंदापर्यंत पोचला की कंदाच्या पेशी पाट्या लावायला लागतात, ठळक अक्षरांत. शिवाय पेशी अडचणीत असताना जी लाल फडकी बाहेर काढतात, तीही काढतात. मारक पेशींच्या अंगावर एनकेजी२डी नावाचं एक प्रथिन असतं, ते ही फडकी ओळखतं. पेशी आत शिरतात आणि आणखी इंटरफेरॉन सोडतात. त्यामुळे कंद घाबरून इंटरल्युकिन-१५ सोडतो. इंटरल्युकिन-१५ म्हणजे मारक पेशींना आणखी बोलावणं. त्या आल्या की आणखी इंटरफेरॉन. हे असं गोल गोल चालू राहतं. सुरुवात कुणी केली ते मागे पडतं आणि दोघं एकमेकांना चिथावत बसतात. भाऊबंदकीतलं भांडण जसं.

हे चक्र सुटं सुटं करून दाखवण्यात कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो यांचा मोठा वाटा आहे. त्या अनुवंशशास्त्रज्ञ आहेत, आणि त्यांना स्वतःलाच चाई होती. त्यांच्या गटाने २०१० मध्ये हजाराहून जास्त रुग्णांची जनुकं तपासली. त्यात जे दुवे सापडले ते बहुतेक प्रतिकार यंत्रणेशी संबंधित निघाले, आणि त्यातला एक थेट त्या लाल फडक्यांपाशी जाऊन पोचला. २०१४ मध्ये त्यांनी आणि राफाएल क्लाइन्स यांनी सहकाऱ्यांसोबत तीन रुग्णांना हे चक्र अडवणारी गोळी दिली, तेव्हा पाच महिन्यांत त्यांचे केस जवळजवळ पूर्ण परत आले. तुम्ही रात्री वाचता त्या नव्या गोळ्यांचं मूळ इथे आहे.

आता तुमच्या पांढऱ्या केसांची थट्टा. मारक पेशी पाटीवर नेमकं काय वाचून भडकतात, यात संशयाची सुई मुख्यतः रंग बनवणाऱ्या पेशींच्या प्रथिनांकडे जाते. पांढऱ्या केसाच्या कंदात रंगाचं काम बंद पडलेलं असतं, म्हणून तो बऱ्याचदा सुटतो. एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या ज्या गोष्टी सांगतात, त्यातल्या काहींचा उलगडाही असाच आहे: माणसाचे केस पांढरे झाले नाहीत, काळे तेवढे झपाट्याने गळले आणि आधीपासूनचे पांढरे उघडे पडले. तुम्हाला ही थट्टा वाटली, मला ती तुमच्या डोक्यावर लिहिलेली रोगाची खूण वाटते.

आणि ते कुंपण. तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते चुकीचं आहे असं म्हणणार नाही, दुःखात सुचलेलं वाक्य कुणी तपासू नये. पण त्या वाक्यामुळे तुम्ही स्वतःच्याच शरीराला वैरी मानायला लागला आहात, म्हणून थोडं हटकते. कुंपण शेत खातं म्हणजे त्याला खायचं असतं. इथे तसं काही नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, हा प्रकार आहे हा. राखणदार प्रामाणिक आहे, त्याच्या हातात आलेला कागद चुकीचा आहे.

शिवाय राखणदार एका जातीचे नसतात. टी पेशींमध्ये एक गट आहे नियामक पेशींचा, त्यांचं काम बाकीच्यांना आवरण्याचं. २०१७ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात या नियामक पेशी केसांच्या मूळ पेशींच्या अगदी शेजारी बसलेल्या सापडल्या. त्या काढून टाकल्या तेव्हा कातरलेले केस परत वाढेनात. म्हणजे ज्या कुळातल्या पेशी तुमचे केस पाडतायत, त्याच कुळातल्या दुसऱ्या पेशी केस उगवायला हातभार लावतात. आता सांगा, ‘इम्युनिटी वाढवायची’ म्हणजे यातलं नक्की कुणाला वाढवायचं?

त्यावरून त्या डब्याकडे येते. नणंदेची माया खरी आहे, तिच्याशी वाद घालू नका. पण गोळ्या बंद करा, त्यांनी चाई बरी होते याला आधार नाही. डब्यावरची बारीक अक्षरं मात्र एकदा वाचा आणि त्यात बायोटिन आहे का पाहा. केसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत ते भरपूर असतं, आणि ते थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. चाईसोबत थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, त्यामुळे डॉक्टर तुमची ती तपासणी करायला सांगण्याची शक्यताही बरीच. तेव्हा रक्त देण्याआधी या गोळ्यांबद्दल सांगा. मी स्वतः अशा एका चुकलेल्या रिपोर्टमागे एका रुग्णाला तीन आठवडे उगाच धावपळ करायला लावली आहे. डबा पाहायला मागितला असता तर ते टळलं असतं. तेव्हापासून मी डबा मागते.

नवऱ्याचं ‘आपोआप येतील’ अर्धं खरं आहे. थोड्या चकत्या असणाऱ्यांपैकी साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या लोकांना वर्षभरात काहीही न करता केस येतात. (म्हणूनच चाईवरचं प्रत्येक तेल, लेप आणि उतारा कुणाला ना कुणाला ‘लागू पडतो’. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.) त्यामुळे चार-सहा महिने थांबून पाहणं हा वेडेपणा नाही, तोही एक रीतसर पर्याय आहे. फक्त तुमचे पाच महिने थांबण्यातच गेलेत आणि एकाच्या चार चकत्या झाल्यात, हे विसरून चालणार नाही.

‘टेन्शन सोड’ हे अर्धं मात्र मला आवडलेलं नाही. ताण आणि चाई यांचा संबंध अभ्यासांत कधी दिसतो, कधी दिसत नाही. केस गेल्यामुळे येणारा ताण मात्र नक्की असतो, आणि त्यावर ‘तू टेन्शन घेतलंस म्हणून’ असं ऐकावं लागलं की त्यात अपराधीपणाची भर पडते. तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही. जगात साधारण शंभरातल्या दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते, त्यात निवांत स्वभावाची माणसंही भरपूर असतात.

आता ‘दाबण्या’बद्दल. तुमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुचवली तेव्हा ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून तुम्ही बिचकलात, आणि त्या रात्री तुम्ही तो नव्या गोळ्यांच्या पंक्तीत नेऊन बसवलात. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. चकतीवर साधारण सेंटिमीटरभर अंतराने बारीक सुईने औषधाचा थेंब थेंब सोडतात, तो घोळका जिथे बसलाय नेमका तिथे. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा. बाकीच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीला याची फारशी दखलही नसते. टोचताना दुखतं, खोटं कशाला सांगू. काही वेळा त्या जागी त्वचा थोडी खोलगट होते, ती बहुतेक वेळा भरून येते. केस साधारण एक-दोन महिन्यांत दिसू लागतात. याची मर्यादा एवढीच की टोचलं तिथला घोळका पांगतो. नवी चकती दुसरीकडे उगवायची असेल तर ही सुई तिला अडवत नाही. तुमच्या चार चकत्या मिळून डोक्याच्या पाच टक्क्यांच्या आतच असतील. एवढ्यासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. सुईची फारच भीती असेल तर तीव्र स्टेरॉइडचं मलम हा मवाळ पर्याय आहे. मलमाचा गुण कमी येतो आणि उशिरा येतो.

एक उपचार तर असा आहे की तो ऐकून वाढवू-दाबूचा हिशेबच मोडून जावा. चाई बरीच पसरलेली असते तेव्हा डायफेनसायप्रोन नावाचं रसायन डोक्याला लावून तिथे मुद्दाम सौम्य ॲलर्जी उठवतात, आठवड्याला एकदा, कित्येक महिने. खाज येते, लाली येते, आणि बऱ्याच जणांना केसही येतात. म्हणजे प्रतिकार-पेशींना चिथावूनच त्यांचं लक्ष केसांच्या मुळावरून उडवायचं. अशी मजा आहे ही. तुम्हाला याची गरज नाही.

नव्या गोळ्यांना जॅक-रोधक म्हणतात. इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-१५ हे निरोपे पेशीच्या दारापर्यंत येतात, पण दारातून आत निरोप पोचवायचं काम जॅक नावाची विकरं करतात. गोळी त्या विकरांचे हात धरून ठेवते, आणि मघाचं ते चक्र थांबतं. बॅरिसिटिनिबला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मान्यता दिली, आणि पुढच्या वर्षी रिटलेसिटिनिबला १२ वर्षांपासून पुढच्यांसाठी. ज्यांचे डोक्यावरचे निम्मे किंवा त्याहून जास्त केस गेलेत अशांवरच्या एका मोठ्या चाचणीत ३६ आठवड्यांनंतर डोक्याचा ८० टक्के भाग केसांनी भरलेले लोक किती होते? बॅरिसिटिनिबच्या ४ मिलिग्रॅमच्या गटात सुमारे ३९ टक्के, २ मिलिग्रॅमच्या गटात सुमारे २३ टक्के, आणि औषध नसलेल्या गोळीवर ६ टक्के.

ज्यांच्या भुवया-पापण्यांसकट सगळं गेलेलं आहे, त्यांच्यासाठी हे आकडे केवढे आहेत ते मी रोज पाहते. वर्षानुवर्षं हात हलवत परत पाठवलेल्या रुग्णांना आता काहीतरी देता येतं. पण हे निरोपे फक्त केसांसाठी धावत नाहीत. त्यांना सगळीकडेच अडवलं की जंतुसंसर्गाला वाव मिळतो, नागीण उठू शकते, रक्तातली चरबी वाढते, काहींना रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते, चालू असताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि गरोदरपणात ही औषधं नकोत. शिवाय गोळी बंद केली की पुष्कळ जणांचे केस पुन्हा जातात, कारण चक्र थांबलेलं असतं, मोडलेलं नसतं. नाण्याएवढ्या चार चकत्यांसाठी हा सौदा मी करणार नाही. पुढे चाई अर्ध्या डोक्यावर गेली तर हीच मी तुम्हाला ‘या, आता बोलू’ म्हणेन.

तशी ती जाईल का, हे तुमच्या मनात असणारच, तुम्ही लिहिलं नसलं तरी. थोड्या चकत्या असलेल्या बहुसंख्य लोकांचं सगळं डोकं रिकामं होत नाही. पुन्हा पुन्हा येणं-जाणं मात्र होतं, आणि ते उपचार चुकल्याचं लक्षण नसतं. लवकर डॉक्टरांकडे जावं अशा काही गोष्टी आहेत, त्या तुमच्याइतक्याच इतर वाचकांसाठीही सांगते. भुवया किंवा पापण्या विरळ व्हायला लागल्या, केस मानेवरून कानांमागे पट्ट्यासारखे जायला लागले, किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले, तर चाई जोरात आहे असं धरावं. चकतीवरची त्वचा चकचकीत होऊन छिद्रंच दिसेनाशी झाली, दुखू लागली किंवा लाल राहिली, तर तो दुसराच आजार असू शकतो आणि तिथे वेळ घालवणं महागात पडतं. लहान मुलाच्या डोक्यावर चकतीसोबत कोंड्यासारखे पापुद्रे असतील तर आधी बुरशीचा संसर्ग आहे का ते पाहावं लागतं, त्यावर स्टेरॉइड लावलं तर आगीतून फुफाट्यात.

आता मुलीचं. चाई संसर्गाने होत नाही, तिने तुमचाच कंगवा वापरला तरी. अनुवंशाचा भाग आहे, पण तो सरळ आईकडून मुलीकडे उतरणारा नाही; बारीकसारीक अनेक जनुकांचा मिळून एक कल तेवढा उतरतो. चाई असलेल्यांच्या मुलांमध्ये आयुष्यात कधीतरी ती होण्याचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास निघालं आहे. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णवांना होत नाही. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की ती झोपल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून तुम्ही रोज तिच्या केसांत पाहता. ते थांबवा, ताई. लवकर सापडली म्हणून चाई अडवता येते असं नाही, आणि एखाद्या रात्री ती जागी असेल. तिने तुमची चकती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती घाबरली असेल तर तिला सांगायचं काय? माझ्याकडे येणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना ‘आईच्या अंगातले पहारेकरी गोंधळलेत, त्यांना केस चोर वाटले’ एवढं पुरतं. बहुतेक मुलं लगेच विचारतात, मग त्यांना कुणी सांगत का नाही? सांगतोय, म्हणायचं. सुईने.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत. तरी एक सांगते: वर्गात मुलांच्या नजरा चकतीवर जातात असं वाटून तुम्ही मुलांकडे पाठ करून फळ्याकडे वळायचं टाळत असाल, तर केसांच्या मुळाशी लावायची रंगीत पावडर मिळते, ती लहान चकत्यांना छान झाकते आणि उपचारात आड येत नाही. इंजेक्शनच्या दिवशी तेवढी लावू नका. आणि झाकायचं नसेल तर नका झाकू. तो निर्णय औषधाचा नाही, त्यामुळे तो तुमच्या डॉक्टरांचाही नाही आणि माझाही नाही.

पुढच्या भेटीला जाताना डबा न्या, आणि चकत्यांचे फोटो न्या. फोटो महिन्यातून एकदाच काढायचा, एकाच खिडकीशी, एकाच वेळी. रोज आरशात पाहिलं तर काहीच हललेलं दिसणार नाही. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, तोही उगवल्यानंतर. किती वेळा टोचणार, किती महिन्यांनी गुण नाही म्हणायचं, आणि तेव्हा पुढची पायरी कोणती, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरं तिथेच लिहून घ्या.

आणि एक. चकतीत पहिली लव येईल ती बहुधा पांढरी आणि रेशमासारखी बारीक असेल. म्हातारपण आलं म्हणून ती उपटू नका. घोळका पांगला की केस आधी उगवतो, रंगपेशी मागाहून कामावर येतात. काही महिन्यांत तोच केस मुळाकडून काळा होत येताना तुम्हाला दिसेल, टोकाला पांढरा आणि खाली काळा. तसा एखादा सापडला तर त्याचा मात्र जवळून फोटो काढा आणि मला पाठवा.